नखाएवढ्या काचेवर लाखो प्रश्न

गर्भधारणेची घरगुती तपासणी आता खेड्यापाड्यांतल्या औषधांच्या दुकानातही मिळते. पट्टीवर लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि रेघा मोजायच्या. एक रेघ आली तर ‘नाही’, दोन आल्या तर ‘होय’. पण ती रेघ नेमकी त्याच जागी का उमटते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

कारण असे की, कारखान्यात त्या जागी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीची, एक अदृश्य रेघ आधीच ओढून ठेवलेली असते. लघवीत गर्भारपणाचे संप्रेरक असेल तर ते या रेघेशी अडकते, त्याच्यासोबत आलेले रंगाचे कणही तिथेच थांबतात आणि रेघ डोळ्यांना दिसू लागते. दुसरी रेघ पट्टी ठीक चालते आहे एवढेच सांगते. मलेरियाचे कार्ड किंवा करोनाच्या साथीतले अँटीजेन किट याच तत्त्वावर चालते. कोणता रेणू कोठे बसवला आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून रंग कोठे उमटला यावरून काय सापडले ते कळते. जागा हीच ओळख.

मात्र अशी पट्टी एकच प्रश्न विचारू शकते. एकाच माणसाच्या रक्ताला एकाच वेळी लाखो प्रश्न विचारायचे असतील तर? लाख रेघा ओढायला पट्टीवर जागा कोठून आणायची? हे कोडे सुटले ते वैद्यकाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका धंद्यातून कसब उसने घेऊन. तो धंदा म्हणजे संगणकाच्या चिप बनविण्याचा. अशा तपासण्यांचे कागद आता आपल्या तालुक्याच्या गावीही येऊ लागले आहेत. ते हातात धरून गोंधळलेले आईबाप माझ्यासमोर बसतात. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

प्रकाशाची छपाई

लग्नपत्रिकांची स्क्रीन प्रिंटिंगची छपाई अनेकांनी पाहिली असेल. चौकटीला ताणलेल्या कापडावर अक्षरांपुरती छिद्रे उघडी ठेवलेली असतात, बाकीची बुजवलेली असतात. वरून शाई ओढली की उघड्या जागेतूनच ती कागदावर उतरते. दारातली छापाची रांगोळी ही त्याचीच धाकटी बहीण.

संगणकाची चिप बनविणारे हेच काम शाईऐवजी प्रकाशाने करतात. १९५८ साली अमेरिकेत जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर संपूर्ण विद्युत मंडल बसवून दाखविले आणि पुढच्या काळात ही मंडले बारीक बारीक होत गेली. सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर प्रकाशाने बदलणारा एक लेप देतात. त्यावर नक्षी असलेली काच, म्हणजे मास्क, धरतात आणि अतिनील किरण सोडतात. जिथे किरण पोहोचले तिथला लेप बदलतो, जिथे सावली पडली तिथला तसाच राहतो. मग रसायनाने धुऊन हवी तेवढीच जागा उघडी करायची आणि पुढचा थर द्यायचा. मनगटावर घड्याळाचा पट्टा बांधून उन्हात फिरले की पट्ट्याखालची कातडी गोरी राहते, तसाच हा प्रकार. फक्त येथील नक्षी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते.

उन्हाने उडणारी टोपी

हेच तंत्र वापरून काचेवर जीवरेणू बांधता येतील, ही कल्पना कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील ॲफिमॅक्स या संशोधन संस्थेत प्रत्यक्षात आली. स्टीफन फोडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १५ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या चमूत ल्युबर्ट स्ट्रायर हेही होते. त्यांचे जीवरसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक जगभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना परिचित आहे.

युक्ती अशी. काचेवर रेणूंचे अगदी आखूड दोरे उभे करतात. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक रासायनिक टोपी घालतात. टोपी असेपर्यंत त्या दोऱ्याला पुढे काहीही जोडता येत नाही. पण ही टोपी अतिनील प्रकाशाने उडते. आता वर मास्क धरून प्रकाश सोडला, की उजेड पडलेल्या चौकोनांतल्या टोप्या उडतात आणि सावलीतल्या तशाच राहतात. मग काचेवरून हवा तो घटक द्रवातून सोडायचा. तो उघड्या टोकांनाच चिकटतो. या नव्या घटकाच्या डोक्यावरही टोपी असतेच. काच धुवायची, दुसरा मास्क ठेवायचा, पुन्हा प्रकाश, पुन्हा नवा घटक. अशा रीतीने प्रत्येक चौकोनात आपल्याला हवा तसा दोरा वाढत जातो.

फोडोर यांच्या प्रयोगात दरवेळी निम्मी जागा उघडी आणि निम्मी झाकलेली ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक फेरीला वेगवेगळ्या दोऱ्यांची संख्या दुप्पट झाली. दोनाचे चार, चाराचे आठ, आणि दहा फेऱ्यांत १,०२४ प्रकारचे दोरे तयार झाले. ते प्रथिनांचे तुकडे होते. लवकरच तीच रीत डीएनएसाठी वापरली गेली आणि आज आपल्याला भेटते ती मुख्यतः हीच डीएनए चिप.

डीएनए ही चार अक्षरांची भाषा आहे हे शाळेतल्या मुलांनाही आता ठाऊक असते. ए, टी, जी आणि सी. ए समोर टी आणि जी समोर सी बसते, पँटच्या चेनचे दात एकमेकांत बसावेत तसे. म्हणजे एक बाजू काचेवर बांधून ठेवली तर तिची जोडीदार बाजू रक्तातून आपोआप येऊन तिला बिलगते. चिपवरील एक दोरा साधारण २५ अक्षरांचा ठेवतात. प्रत्येक स्थानासाठी जास्तीत जास्त चार फेऱ्या, म्हणजे एकूण फार तर १०० फेऱ्या. गंमत ही की, काचेवर हजार चौकोन असोत की दहा लाख, फेऱ्या तेवढ्याच लागतात, कारण सर्व चौकोनांत काम एकाच वेळी चालते. छपाईची किमया ती हीच.

या कामासाठी ॲफिमेट्रिक्स नावाची कंपनी निघाली. पुढे तिच्या सुमारे सव्वा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चिपवर दहा लाखांहून अधिक चौकोन मावू लागले. काही चिपांवर एक चौकोन ११ मायक्रॉनचा असे. आपली तांबडी रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची असते, यावरून अंदाज यावा. ही कंपनी २०१६ मध्ये थर्मो फिशर या मोठ्या कंपनीने विकत घेतली. मधल्या काळात इतरांनी शाई फवारणाऱ्या प्रिंटरसारख्या यंत्राने किंवा सूक्ष्म मण्यांवर डीएनए बसवूनही चिपा तयार केल्या. रीत वेगळी, तत्त्व तेच.

तपासणीत रुग्णाच्या रक्तातील डीएनए काढून त्याचे तुकडे करतात, त्यांना चमकणारा रंग लावतात आणि ते चिपवर रात्रभर ठेवतात. ज्याची जोडी जमते तो तुकडा चिकटून राहतो, बाकीचे धुऊन जातात. मग लेसरने प्रत्येक चौकोन किती चमकतो हे मोजतात आणि संगणक त्याचा हिशेब मांडतो.

मूल उशिरा बोलते तेव्हा

या चिपचा सर्वांत ठोस उपयोग कोणाला झाला असेल तर तो मागे पडलेल्या मुलांना. मूल उशिरा चालते, बोलत नाही, शिकत नाही, स्वमग्न वाटते किंवा जन्मतःच त्याच्यात एकाहून अधिक दोष असतात. अशा वेळी पूर्वीपासून गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करीत असत. गुणसूत्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पण डोळ्यांना दिसायला त्यातला साधारण ५० लाख ते एक कोटी अक्षरांचा तुकडा तरी गहाळ व्हावा लागतो. त्याहून लहान तुकडा गेला तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि मूल मात्र नॉर्मल नसते.

चिप येथे वजनकाट्यासारखी वागते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एखाद्या ठिकाणी एकच प्रत असेल तर त्या भागाचे चौकोन ओळीने फिके दिसतात, तीन प्रती असतील तर अधिक उजळ. काही हजार ते लाखभर अक्षरांची तूटसुद्धा अशी हाती लागते. २०१० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या मुलांसाठी कॅरिओटाइपऐवजी चिप ही पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली. त्यांचा हिशेब असा होता की, डाऊन सिंड्रोमसारखी ओळखू येणारी मुले वगळता कॅरिओटाइपने सुमारे ३ टक्के मुलांत कारण सापडते, तर चिपने १५ ते २० टक्के मुलांत.

आणखी एक मोठा फरक आहे. जुन्या पद्धतीत एखादी लहान तूट शोधायची तर डॉक्टरला आधी तिचा संशय यावा लागे. चिपला आधी संशय लागत नाही. ती सर्वच गुणसूत्रांवर एकदम नजर फिरवते.

माझ्याकडे एक चार वर्षांचा मुलगा येत असे. जन्मानंतर आठवड्यातच झटके आले होते. दूध नाकातून यायचे. पुढे बोलणे उशिरा आले आणि तेही नाकातले, कोणाला न कळणारे. कॅरिओटाइप नॉर्मल होता. आजीचे म्हणणे ठाम होते, “डॉक्टर, सूनबाईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली. मी तेव्हाच सांगत होते.” सून खाली मान घालून बसायची. मोठ्या शहरातील बालरोगतज्ज्ञांकडे मी त्यांना पाठविले, तेथे चिप तपासणी झाली. बाविसाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतील सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा गहाळ निघाला. वैद्यकात याला २२ क्यू ११ डिलिशन म्हणतात. झटके रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याने आले होते. दूध नाकातून येणे आणि नाकातले बोलणे टाळूच्या कमजोरीने होते. सगळ्या तक्रारींचे मूळ एकच.

रिपोर्टने मुलगा बरा झाला नाही. गहाळ झालेला तुकडा कोणी भरून देऊ शकत नाही. पण हृदयाची इको झाली, कॅल्शियम नियमित तपासले जाऊ लागले, प्रतिकारशक्तीची तपासणी झाली, टाळूकडे लक्ष गेले आणि वाचा उपचार सुरू झाले. आईवडिलांचीही तपासणी झाली आणि दोघांत दोष नव्हता. अशा दहांपैकी नऊ मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. आईवडिलांपैकी एकात तो असता तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात निम्मी जोखीम राहिली असती. हे सारे आजींना समजावून सांगितले. म्हटले, “आजी, हा तुकडा बीज तयार होतानाच गळाला. तेव्हा ग्रहणही नव्हते आणि विळीही नव्हती.” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, “चल, उशीर होतोय, पोराला भूक लागली असेल.” पुढच्या खेपेला नातवाला वाचा उपचारांसाठी त्या स्वतः घेऊन गेल्या. माझ्या दृष्टीने त्या कागदाचा एवढा उपयोगही थोडा नव्हे.

औषध सर्वांना सारखे लागू पडत नाही

डीएनए चिपवर आधारित पहिल्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००४ मध्ये मान्यता दिली. ती कोणत्याही आजाराची नव्हती. यकृतातील दोन जनुके ती तपासत असे, औषध शरीरात कसे पचते ते पाहण्यासाठी. त्यांपैकी सीवायपी२सी१९ हे जनुक आपल्या परिचयाच्या एका गोळीशी निगडित आहे. हृदयविकाराचा झटका आल्यावर किंवा स्टेंट बसविल्यावर रक्त गोठू नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृत तिला कामाला लावते. हे जनुक मंद असेल तर गोळीचा परिणाम कमी होतो. २०१० साली अमेरिकेत या औषधाच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापण्याचा आदेश निघाला. हा बदल भारतीयांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतो.

मात्र हे वाचून कोणीही आपली गोळी बंद करू नये. स्टेंट असलेल्या रुग्णाने ही गोळी मनाने थांबविणे जिवावर बेतू शकते. शंका असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. दुसरी औषधे उपलब्ध आहेत आणि ती कोणाला द्यायची हे तेच ठरवतील.

घरबसल्या तपासणीपासून सावध

अलीकडे गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा लाळ नळीत भरून पाठवली की ‘तुमची सगळी जनुके’ सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. यांपैकी अनेक तपासण्या चिपवरच होतात. येथे चिपची एक मर्यादा समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

चिपवरील चमक वाचताना संगणक अनेक माणसांचे निकाल शेजारी ठेवून तुलना करतो. जो बदल पुष्कळांत आढळतो, तो चांगला ओळखता येतो. पण लाखात एखाद्यातच आढळणारा बदल असेल तर तुलनेला कोणी नसते आणि थोडीशी गडबडसुद्धा ‘दोष आहे’ अशी वाचली जाते. ब्रिटनमधील सुमारे ५० हजार लोकांच्या माहितीवरून एक्सेटर येथील संशोधकांनी हे तपासले आणि २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांतील दुर्मिळ घातक बदल चिपने ‘आहे’ म्हणून सांगितले, त्यांतील जेमतेम ४ टक्केच खरे निघाले. उलट ज्यांच्यात ते खरोखर होते, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांतच चिपला ते सापडले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘कर्करोगाचे जनुक आहे’ असा कागद आला म्हणून घाबरून शस्त्रक्रियेचा विचार करू नका. ‘नाही’ असा आला म्हणून स्तनातील गाठीकडे दुर्लक्षही करू नका. असा निकाल दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे जनुकाची अक्षरे प्रत्यक्ष वाचून, पक्का केल्याशिवाय त्याला किंमत देऊ नये.

सगळ्या चिपा सारख्या नव्हेत

सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकी तपासताना ‘चिप’ हा शब्द कानावर पडतो. ते ट्रूनॅट यंत्र गोव्यातील मोलबायो कंपनीचे असून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्यातील चिपवर लाखो चौकोन नसतात. तेथे जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून ‘क्षयाचा जंतू आहे का’ एवढेच पाहतात. असल्यास दुसऱ्या चिपवर ‘रिफाम्पिसिन त्याला लागू पडेल का’ हे पाहतात. नेमका प्रश्न ठाऊक असेल तेव्हा नेमकी तपासणीच उत्तम. लाखो प्रश्न विचारणारी चिप तेव्हा काढायची, जेव्हा प्रश्न कोणता हेच कळत नसते.

वाचकांनी लक्षात ठेवावे असे

१. मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याखाली अंगणवाडी व शाळांतून मोफत तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविले जाते. उपचारांना सुरुवात करण्यासाठी चिपच्या रिपोर्टची वाट पाहण्याचे कारण नाही.

२. डाऊन सिंड्रोमचा संशय असेल तर आजही साधा कॅरिओटाइपच आधी करावा. तो स्वस्त आहे आणि पुढच्या मुलाला धोका किती हे त्यावरूनच नीट कळते.

३. सिकलसेल किंवा थॅलेसेमियासाठी चिपची गरज नाही. हिमोग्लोबिनच्या साध्या तपासण्या त्यासाठी पुरेशा व स्वस्त आहेत.

४. चिप नॉर्मल आली म्हणजे आनुवंशिक दोष नाहीच असे नव्हे. एका अक्षराची चूक किंवा फ्रॅजाइल एक्ससारखा आजार या तपासणीत सापडत नाही.

५. रिपोर्टात ‘अर्थ निश्चित नाही’ असा शेरा आला तर तो दोष समजू नये. प्रत्येकाच्या डीएनएत लहानसहान चढउतार असतातच. आईवडिलांची तपासणी करून बहुधा उलगडा होतो.

६. गर्भजलाची चिप तपासणी नोंदणीकृत केंद्रातच, वैद्यकीय कारणासाठी आणि लेखी संमतीने होते. गर्भलिंग सांगणे व विचारणे हा गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये तो केंद्राने केला.

७. तपासणीला हजारो रुपये लागतात. म्हणून ती करण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, “या उत्तराने माझ्या मुलाच्या उपचारात किंवा आमच्या पुढच्या निर्णयात काय बदलेल?” काही बदलणार असेल तर पैसा सत्कारणी लागला. काहीच बदलणार नसेल तर तोच पैसा वाचा उपचार, व्यायाम आणि सकस आहार यांवर खर्च केलेला बरा.